जुन्या कॅमॅरोचे पुढचे ब्रेक कॅलिपर घरीच खोलायचे असतील तर

आमची शेव्हरोले कॅमॅरो १९६९ ची, ओहायोतल्या नॉरवुडच्या कारखान्यात बनलेली, आणि मी घेतली तेव्हा ती मिशिगनमधल्या एका शेतावरच्या कोठारात कितीतरी वर्षं नुसती उभी होती. ट्रेलरवरून उतरवताना मागची चाकं फिरतायत, पुढचं डावं कुरकुरत का होईना फिरतंय, आणि पुढचं उजवं मात्र ढिम्म, गाडी ड्राइव्हवेवर काळा पट्टा ओढत खाली आली. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मिठाला काही तोटा नाही कारण डेट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची खाण आहे, साधारण १२०० फूट खाली. त्यामुळे गाडीखालचं लोखंड कसं असतं ते सांगायला नको, पापडाचे पापुद्रे निघावेत तसा गंज निघतो.

मी मेकॅनिक नाही, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस आहे. पण हे काम आतापर्यंत तीनदा केलंय, त्यातलं दोनदा चुकलोय, आणि त्या चुका तुमच्या होऊ नयेत म्हणून हे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो, हे रेडिओ बसवण्याचं काम नाही, ब्रेक आहे. एखादी स्टेप कळली नाही तर "होईल काहीतरी" म्हणून पुढे जाऊ नका, गाडीचं शॉप मॅन्युअल मिळतं ते उघडून बघा, टॉर्कचे (कुठला बोल्ट किती घट्ट करायचा त्याचे) आकडे तर त्यातूनच घ्या.

दोष खरंच कॅलिपरचा आहे का

चाक अडकतंय म्हणजे कॅलिपर (ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन ढकलून पॅड डिस्कवर आवळणारा भाग) जाम, असं सगळे धरून चालतात. मागच्या चाकांना पाचर लावा, पुढून गाडी उचला, स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर ठेवून खाली डोकं घालू नका, प्लीज) आणि चाक हाताने फिरवा. फिरत नसेल तर कॅलिपरचं ब्लीडर निपल (आतली हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू) अर्धा आटा सैल करा. चिर्र करून थोडं ब्रेक ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर कॅलिपरची काही चूक नाही, दाब आत अडकून बसला होता. अशा वेळी बहुतेकदा रबरी पाइप आतून फुगलेला असतो, पेडल दाबलं की तेल जातं पण परत येत नाही. कधीकधी मास्टर सिलिंडरही (पेडल दाबल्यावर ज्यात दाब तयार होतो तो) असतो. दोघांतलं कोण ते कळायला, पुढच्या वेळी चाक अडकलं की निपलऐवजी फ्रेमजवळचा लोखंडी नळी आणि रबरी पाइपचा जोड सैल करा. चाक सुटलं तर दोष जोडाच्या मागे, मास्टरकडे. नाही सुटलं आणि मग निपल उघडल्यावर सुटलं तर पाइपच गेलाय.

निपल उघडूनही चाक हलत नसेल तर मात्र पिस्टन गंजून बसलाय, किंवा ज्या बोल्टवर कॅलिपर सरकतो ते बोल्ट जाम झालेत. आमचं हेच होतं, दोन्ही.

वॉशर कुठे बसलाय ते आधी बघा

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि नवीन माणसाला हाच कोणी सांगत नाही. कॅलिपरमध्ये एक रबरी सील असतं (आपल्याकडचे मेकॅनिक त्याला वॉशरच म्हणतात). ते पिस्टनवर बसलंय की बोअरमध्ये (पिस्टन ज्या गोल भोकात सरकतो त्यात), यावर तुम्हाला काय वाचवायचंय आणि काय फेकायचंय हे ठरतं.

शेव्हरोलेने १९६७-६८ च्या कॅमॅरोला डिस्क ब्रेक दिले ते चार पिस्टनचे होते, १९६५ ते १९८२ च्या कॉर्व्हेटलाही चार पिस्टनचेच. यांत सील पिस्टनच्या अंगावर असतं, त्याला ओठासारखी कड असते आणि ती कड बोअरच्या भिंतीवर घासत पुढेमागे सरकते. म्हणजे भिंत आरशासारखी हवी. भिंतीवर गंजाचा एक खड्डा पडला की नवीन सीलचं किट टाका नाहीतर सोन्याचं टाका, गळणारच. म्हणून जुन्या कॉर्व्हेटवाल्यांचे कॅलिपर सारखे गळायचे आणि म्हणूनच आता लोक बोअर मोठा करून आत स्टेनलेस स्टीलचा स्लीव्ह बसवून घेतात. ते मशीन शॉपचं काम आहे, गॅरेजमध्ये होत नाही.

१९६९ ला कॅमॅरोचा कॅलिपर बदलला, एकच मोठा पिस्टन आला, २ पूर्णांक १५/१६ इंचाचा, म्हणजे जवळजवळ ७५ मिलिमीटर. यात सगळं उलटं आहे. चौकोनी कापाचं सील बोअरमध्ये कोरलेल्या खाचेत गप्प बसून राहतं आणि पिस्टन त्याच्यातून सरकतो. त्यामुळे बोअरच्या भिंतीवर थोडेफार डाग चालतात, पण पिस्टनचं क्रोम मात्र निर्मळ पाहिजे. मी पहिल्यांदा काय केलं, तर दीड तास बोअर पॉलिश करत बसलो, आणि पिस्टनवर नखाला लागतील एवढे दोन खड्डे होते ते "चालतंय की" म्हणून सोडले. तीन आठवड्यांत टायरच्या आतल्या बाजूने ओला ओघळ. पिस्टन नवीन घ्या, स्टेनलेसचा मिळतो, जास्त महाग नाही.

हे सील अजून एक काम करतं. पेडल दाबलं की पिस्टन बाहेर येतो आणि सील त्याला चिकटून किंचित पिळतं, पेडल सोडलं की सील परत सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. मागे ओढायला दुसरी स्प्रिंग वगैरे काहीच नाही. म्हणजे खाचेत गंज आणि घाण साठली असेल तर सील आतून वर ढकललं जातं, पिस्टनला करकचून धरतं, आणि नवीन किट टाकूनही चाक अडकतंच. लोक खाच साफ करत नाहीत आणि मग किटला शिव्या देतात.

इथून पुढचं सगळं १९६९ च्या एका पिस्टनवाल्या कॅलिपरबद्दल आहे. पुढच्या काही वर्षांच्या बऱ्याच शेव्हरोले गाड्यांना याच पद्धतीचा आहे.

रीबिल्ट का नको

पार्ट्सच्या दुकानात तयार रीबिल्ट (जुनाच दुरुस्त केलेला) कॅलिपर मिळतो, जुना परत दिला की डिपॉझिट परत. घाई असेल तर घ्या. मी एकदा घेतला होता तेव्हा चकचकीत रंगाच्या खाली गंज तसाच आणि डस्ट बूट (पिस्टनभोवतीचं धूळ-पाणी अडवणारं रबर) एका बाजूने उचललेला, वर आपलं गाडीबरोबर आलेलं ओरिजिनल कास्टिंग त्यांना देऊन बसलो ते गेलंच. तेव्हापासून जुनं कास्टिंग हातातून सोडत नाही.

खोलायला घ्या

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी तशीच राहू द्या, कुठली क्लिप कशी होती हा प्रश्न पडला की तिकडे जाऊन बघता येतं. फोनवर फोटो काढा ते वेगळंच.

पॅड जुने असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्या काळी सर्रास असायचं. त्यामुळे ती काळी धूळ हवेच्या नळीने उडवायची नाही, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायची, मास्क लावायचा, चिंध्या पिशवीत भरून फेकायच्या. आणि क्लोरिनवाला ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर गॅसची ज्योत किंवा वेल्डिंग अजिबात नको, त्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू होतो.

कॅलिपर दोन बोल्टवर बसलेला असतो, डोक्यात ३/८ इंचाचा षटकोनी ॲलन खड्डा. त्या खड्ड्यात पन्नास वर्षांची माती गच्च भरलेली असते, ती टोच्याने पूर्ण उकरून काढा आणि मगच ॲलन की हातोडीने ठोकून आत बसवा, नाहीतर खड्डा गोल होतो आणि मग रविवार गेला.

पण बोल्ट काढायच्या आधी दोन कामं. एक, निपल आत्ताच सुटतंय का बघा. आदल्या रात्रीपासून गंजावरचं ऑइल मारत राहा, सहा कोनांचा सॉकेट लावा, आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला दाबा, मग सैल करा, वरून हलक्या टिचक्या मारा. तुटलं तर आत्ता कळलेलं बरं. दोन, पिस्टन जाम असेल तर पाइप काढायची घाई करू नका. कॅलिपर चाकावरून उतरवा, पॅड काढा, पिस्टनसमोर लाकडी ठोकळा ठेवा आणि कोणालातरी हळूच पेडल दाबायला सांगा. ब्रेकच्या दाबाएवढी ताकद तुमच्या कुठल्याच हत्यारात नाही, तोच पिस्टनला बाहेर आणतो. फक्त शेवटपर्यंत नको, थोडा आत राहू द्या, आणि कॅलिपर रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने वर बांधा.

मग पाइप काढा. पेडल काठीने इंचभर दाबून अडकवून ठेवलं तर मास्टर सिलिंडरमधली भोकं बंद होतात आणि सगळं ऑइल जमिनीवर येत नाही, ही युक्ती लक्षात ठेवा. लोखंडी नळीच्या नटाला साधा पाना लावू नका, फ्लेअर नट पाना घ्या, नाहीतर नटाचे कोपरे जातात. रबरी पाइप एवीतेवी नवीनच टाकायचाय.

पिस्टन बाहेर

उरलेलं काम हवेचं. कॅलिपर ओट्यावर, पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा आणि वर जुना टॉवेल, पाइपच्या भोकात रबरी टोकाची एअर गन, आणि सुरुवात १५-२० पीएसआयनेच. पिस्टन हाताने झेलायचा नाही, समोर बोटं ठेवायची नाहीत. हे मी मोठ्याने सांगतोय कारण अडकलेला पिस्टन आधी काहीच करत नाही, आणि मग एकदम तोफेच्या गोळ्यासारखा येतो, ठोकळ्यावर त्याची गोल खूण उमटते. तिथे बोट असतं तर?

पिस्टन आला की डस्ट बूट स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढा, त्याला धातूची कडी असते. सील काढायला लोखंडी टोच्या नको, खाचेला ओरखडा गेला तर संपलं. बांबूची काडी किंवा प्लॅस्टिकचा टोच्या घ्या, आमच्याकडे लोणच्याच्या बरणीबरोबर आलेला एक प्लॅस्टिकचा काटा आहे तो आता कायमचा गॅरेजमध्ये गेलाय.

साफसफाई

बाहेरून तारेच्या ब्रशने घासा, रंग द्यायचा तर आत्ता, भोकं आणि बोअर झाकून. आतून ब्रेक क्लीनर किंवा डिनेचर्ड अल्कोहोल. पेट्रोल, रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल यातलं काहीही आत लागता कामा नये, रबर फुगतं. आणि इथे आपली एक भाषेची भानगड आहे. आपण सगळे "ब्रेक ऑइल" म्हणतो, मीही वर तेच लिहिलंय, पण डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये पेट्रोलियम ऑइल नसतं, ते ग्लायकॉलवालं वेगळंच द्रव असतं. कोणी खरंच ऑइल ओतलं तर मास्टरपासून चाकापर्यंत एकूण एक रबर बदलावं लागतं.

बोअरमधले हलके डाग क्रोकस क्लॉथने (अगदी बारीक पॉलिशचं कापड) गोल गोल फिरवून काढा, खडबडीत पॉलिश पेपर नको. मग खाच. टॉर्च लावून बघा, तळाला तपकिरी पापुद्रा दिसेल. तो काडीने आणि जुन्या टूथब्रशने, क्लीनर मारत मारत, गोल पूर्ण करा. मला एका खाचेला वीस मिनिटं लागतात. नख फिरवून बघा, कुठेही खरखर लागली तर परत. खाचेलाच खड्डे असतील तर ते कास्टिंग सोडून द्या.

शेवटी निपलचं भोक आणि पाइपचं भोक, दोन्हींतून हवा मारून आरपार जातेय ना ते बघा.

परत जोडणी

हात धुवा, ओटा पुसा, नवीन कागद पसरा. सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बोटानेच खाचेत बसवा, एका बाजूने सुरू करून पुढे पुढे दाबत जा, कुठे पीळ पडला नाही ना ते बोट फिरवून तपासा. बोअर आणि पिस्टनलाही तेच ऑइल चोपडा.

बूट आधी पिस्टनवर चढवायचा, पिस्टनच्या खाचेत, त्याची घडी पिस्टनच्या उघड्या तोंडाकडे येईल अशी. मग पिस्टन सरळ धरून आत. इथे धीर धरा. सुरुवातीला तो जागचा हलणार नाही, किंचित जरी तिरका असला तरी अडतो, दोन्ही तळव्यांनी बरोब्बर मधोमध अंगाचं वजन टाकत राहा, थोडा इकडे थोडा तिकडे, आणि मग एका क्षणी सील त्याला आत घेतं, हाताला सायीत बोट बुडल्यासारखं वाटतं. हातोडी मारावीशी वाटली तर समजा सील खाचेतून निघालंय, बाहेर काढा, परत बसवा. तळाला टेकेपर्यंत दाबा.

बुटाची धातूची कडी कॅलिपरच्या काठाला समपातळीत ठोकायची, त्यासाठी स्पेशल ड्रायव्हर मिळतो, मी कडीच्या मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा वापरतो. एका बाजूने उचललेली राहिली तर पाणी आणि मीठ तिथूनच शिरतं.

आता कॅलिपरच्या कानांचे रबर, म्हणजे ज्या भोकांतून ते दोन बोल्ट जातात तिथले. प्रत्येक कॅलिपरला चार छोटे रबरी बुशिंग आणि दोन धातूचे स्लीव्ह असतात, सगळे नवीन टाका आणि सिलिकॉन ग्रीस लावा. बोल्ट गंजलेले असतील तर तेही नवीन. याच्यावर कॅलिपर सरकतो, हे जाम झाले की आतलंच पॅड झिजतं आणि बाहेरचं कोरं राहतं. पॅडचं झिजणं असं दिसलं तर दोष इथे शोधा.

गाडीवर चढवताना

आता माझी दुसरी चूक. दोन्ही कॅलिपर एकदम रंगवून वाळत घातले होते आणि चढवताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला. दिसायला सारखेच, बोल्टही बरोबर बसतात. मग संध्याकाळभर बायको आत बसून पेडल मारतेय, मी खाली पडून निपल उघडबंद करतोय, एक मोठी बाटली ऑइल संपलं तरी पेडल मऊच. शेवटी तिनेच खाली वाकून विचारलं, "अरे, हवा वर जाते ना? मग हे भोक खाली का आहे?" निपल वरच्या टोकाला आलं पाहिजे. बास, एवढंच.

आतल्या पॅडला सपोर्ट स्प्रिंग असते ती विसरू नका. बाहेरच्या पॅडचे कान कॅलिपर चढवल्यावर मोठ्या पकडीने दाबून कॅलिपरला घट्ट बसवायचे, नाहीतर खड्ड्यातून जाताना खडखड. गाइड बोल्टना टॉर्क ३५ फूट-पाउंड. रबरी पाइपच्या बोल्टला दोन तांब्याचे वॉशर, दोन्ही नवीन, एक वर एक खाली. पाइपला पीळ पडलेला नको, स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून बघा, कुठे ताणतोय, टायरला किंवा फ्रेमला घासतोय का.

हवा काढणे

डॉट ३ चा उकळबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस आणि पाणी शोषल्यावर १४०, डॉट ४ चा २३० आणि १५५. ही हवेतलं पाणी ओढून घेतात म्हणून अर्धी उरलेली जुनी बाटली वापरू नका. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं. उभ्या राहणाऱ्या गाडीत काही जण सिलिकॉनचं डॉट ५ घालतात, ते पाणी शोषत नाही, पण ग्लायकॉलवाल्यात मिसळायचं नसतं आणि त्यातले बारीक बुडबुडे निघता निघत नाहीत. मी डॉट ४ वापरतो.

क्रम मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं, म्हणजे मास्टरपासून लांबचं आधी. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडालेलं. आत बसलेल्याने दाबायचं आणि "धरलं" म्हणायचं, तुम्ही उघडायचं, बंद करायचं, मग "सोड". बंद करायच्या आधी आतल्याने सोडलं तर हवा परत आत. मास्टरची पातळी दर पाच-सहा दाबांनी बघा. प्रेशर ब्लीडर (पेडलऐवजी दाबाने ऑइल ढकलणारं साधन) वापरत असाल आणि पुढे डिस्क मागे ड्रम असेल, तर मीटरिंग व्हॉल्व्हची (पुढच्या ब्रेककडे जाणारं ऑइल रोखणारा व्हॉल्व्ह) पिन धरून ठेवावी लागते, नाहीतर पुढे ऑइल पोचतच नाही.

पेडल कडक लागलं की पाच मिनिटं जोरात दाबून ठेवा आणि टॉर्चने प्रत्येक जोड बघा. गाडी हलवण्याआधी पेडल दोन-चारदा मारा, कारण पॅड डिस्कपासून लांब असतात आणि पहिलं पेडल खालपर्यंत जातं, ड्राइव्हवेच्या शेवटी हे कळणं फार वाईट.

मग रिकाम्या रस्त्यावर ३०-३५ मैलांच्या वेगाने आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारून वेग कमी करा, मध्ये थंड होऊ द्या, पूर्ण थांबून पेडल दाबून उभे राहू नका. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर ती धरा. घरी आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या, न टेकवता. दोन्हीकडून सारखी धग आली पाहिजे. एकीकडे जास्त लागली तर गाडी गार होऊ द्या, परत स्टँडवर घ्या, आणि निपल अर्धा आटा सैल करून बघा.